चारशे रोपं

बुधवारी सकाळी बाबांनी कॉफी तशीच ठेवली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एकोणनव्वद वर्षांच्या माणसाला एखाद्या दिवशी भूक नसते, हे मलाही कळतं. पण माझे बाबा, ओन्नी कांगस, तापानं फणफणले तरी कॉफी सोडत नाहीत, आणि शनिवार तीन दिवसांवर आला होता.

शनिवारी पार्कातला पुतळा उघडायचा होता. एकोणीसशे तीसनंतरच्या मंदीच्या वर्षांत सरकारनं बेकार पोरांना रानात कामाला लावलं होतं, त्या 'तीन सी'च्या पोरांचा पुतळा. त्या सरकारी योजनेच्या इंग्रजी नावात तीन 'सी' होते, म्हणून आमच्याकडे अजून सगळे तीन सीच म्हणतात. तेव्हा इथल्या खाणी बंद पडल्या होत्या, जंगल तोडून आणि जाळून सगळा मुलूख बोडका झाला होता. त्या पोरांनी बराकीत राहून इथे पुन्हा पाइन लावले. तलावाच्या पलीकडे आज सरळ रांगांत जी झाडं उभी आहेत, ती सगळी त्यांनी लावलेली. आमच्या कँपात दोनशे बारा पोरं होती. त्यातला आज हयात असलेला एकच, माझे बाबा. त्यामुळे शनिवारी माईकपुढे उभं राहायचं ते त्यांनीच, हे सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं.

पुतळ्याच्या समितीचा अध्यक्ष डेल्बर्ट निक्विस्ट, हायस्कूलचा निवृत्त मास्तर, माईक हातात आला की ज्याला सोडवत नाही असा. आणि चिटणीस मी, इर्मा, पोस्टातून रिटायर झालेली. इर्मा आहे म्हणून सगळं होतंय असं म्हणायचं आणि कामं माझ्या गळ्यात टाकून मासे मारायला जायचं, ही आमच्या समितीची पद्धत. दोनशे खुर्च्या मी, शाळेचा बँड मी, गव्हर्नरच्या ऑफिसातला माणूस कुठे उतरणार तेही मीच बघायचं. नावांची यादीही माझ्याकडेच आली होती. सरकारी दप्तरातून कागद मागवले, एकेक नाव टाइप केलं आणि पुतळ्याखाली बसवायची धातूची पाटी ओतायला पाठवली.

दप्तरात नावं दोनशे बारा होती. पाटीवर दोनशे अकराच गेली. ज्याला कँपातून हाकललं त्याचं नाव घालायचं नाही असा समितीनं ठराव केला होता. मांडला होता मीच. गाळलेलं नाव होतं एरो सारेला, माझा सख्खा मामा.

मामाला मी कधी पाहिलं नाही. तो चाळीस साली सुपीरियर सरोवरात खनिजाच्या बोटीवर बुडून मेला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला माहीत होतं ते एवढंच, की लावायला दिलेली सरकारची चारशे रोपं त्यानं मातीत पुरून टाकली, मोजणीत लावली म्हणून खपवली आणि पकडला गेला. घरी आला तर आजोबांनी दारातूनच घालवून दिला. त्यानंतर दोन वर्षं माझी आई मार्टा आणि तिची धाकटी बहीण सायमा शाळेत गेल्या की पोरं त्यांच्या डब्यात माती भरून ठेवायची. आई चार वर्षांपूर्वी गेली, तोवर तिच्या तोंडून मी भावाचं नाव ऐकलं नाही. कोणी काढलंच तर ती उठून भांडी घासायला लागायची. यादीतून त्याचं नाव गाळताना मला वाटलं, आईसाठी एक काम केलं.

पाटी मंगळवारी आली. आमच्या गॅरेजात टेबलावर ठेवून मी ती ब्लँकेटनं झाकली होती. बाबांनी रात्री जेवणाआधी ती उघडून बघितली. मला वाटलं, स्वतःचं नाव बघत असतील. पण त्यांचं बोट पाटीवर पार खाली फिरत होतं. मग त्यांनी विचारलं, एरो कुठे आहे? मी ठराव सांगितला. त्यांनी ब्लँकेट पुन्हा पाटीवर ओढलं. आणि दुसऱ्या दिवशी ती कॉफी.

"मला रानात घेऊन चल," ते म्हणाले.

मला त्या दिवशी छपन्न कामं होती. तरी घेऊन गेले, कारण त्यांचा चेहरा मला आवडला नव्हता. तलावाला वळसा घालून गाडी रांगांच्या टोकाशी लावली. जूनचे दिवस, चावऱ्या काळ्या माश्यांचा नुसता सुळसुळाट. काच खाली करायची सोय नाही. बाबा गाडीतच बसले आणि समोर बघत बोलायला लागले. मला वाटलं होतं छातीत दुखतंय असं काहीतरी सांगतील. तसं झालं असतं तर बरं, असं मला नंतर वाटलं. बापाबद्दल असं वाटणं वाईट आहे, पण वाटलं खरं.

काम जोडीनं चालायचं, ते म्हणाले. एकाच्या हातात चपट्या पात्याची लोखंडी पहार, दुसऱ्याकडे बादल्या, त्यांच्यात ओल्या शेवाळात ठेवलेली रोपं. पहारवाल्यानं जमिनीत फट पाडायची, दुसऱ्यानं रोप सोडायचं आणि टाचेनं माती दाबायची. मुकादम मागून यायचा आणि शेंडा ओढून बघायचा. पहार एरोकडे होती, बादल्या बाबांकडे. शनिवारी ठरलेली रोपं संपवली की दुपारी गावात नाचाला जाणाऱ्या ट्रकमध्ये जागा मिळायची. त्या शनिवारी पहारेचं पातं वाकलं. एरो ते सरळ करून आणायला लोहाराकडे गेला आणि तासभर अडकला. बादल्यांत चारशे रोपं शिल्लक होती. ट्रक निघायची वेळ झाली. बाबांनी सगळी रोपं एका पडलेल्या ओंडक्यामागे मऊ मातीत पुरली, वर पानं पसरली आणि बादल्या रिकाम्या दाखवून ट्रकमध्ये चढले.

"नाचाला कोण येणार होतं?" मी विचारलं, पण मला उत्तर आधीच कळलं होतं.

"तुझी आई."

सोमवारी मुकादमाचा पाय त्या मातीत घोट्यापर्यंत गेला. कँपातली सगळी पोरं उभी करून त्यानं विचारलं, ही रांग कोणाची? बाबा सांगत होते तेव्हा त्यांचा हात गाडीच्या दाराच्या मुठीवर होता, आता उतरून पळतील की काय असा. त्यांना बोलायचं होतं, तोंड उघडलंही होतं. पण एरोनं त्यांच्या बुटावर आपला बूट दाबला आणि तो एकटा पुढे गेला. त्याला माहीत होतं की बाबांचा बाप खाणीत मेलाय, घरी पाच भावंडं आहेत आणि महिन्याचे पंचवीस डॉलर घरी जातात त्यावरच चूल पेटते. एरोचा बाप कमावता होता. फार तर पगार कापतील, असं त्याला वाटलं असणार. हाकलून देतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. संध्याकाळच्या ट्रकनं त्याला घरी धाडला.

"लग्नाआधी मार्टाला सांगणार होतो," बाबा म्हणाले. "मग म्हटलं, लग्न झालं की सांगू. मग तू झालीस."

मला इतका राग आला की मी इंजिन चालू केलं आणि पुन्हा बंद केलं. आई आयुष्यभर आपल्या भावाच्या नावानं मान खाली घालून जगली. तिच्यासमोर बसून हा माणूस पन्नासेक वर्षं बटाटे सोलत होता. मी तेव्हा हे सगळं बोलले, आणखी वाईट शब्दांत बोलले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, शनिवारी मी सांगणार आहे. सायमासमोर, सगळ्या गावासमोर.

इथे मी घसरले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी ना आई दिसली, ना मामा. मला दोनशे खुर्च्या दिसल्या. टीव्हीवाले दिसले. आणि गावात माझ्या बापाकडे बोट दाखवून उद्यापासून काय बोलतील ते ऐकू आलं. मी म्हटलं, बाबा, पाटी ओतून झाली आहे, आता नाव येणार नाही. मेलेल्यांना काय फरक पडतो? ते म्हणाले, सायमा मेलेली नाही. मी म्हटलं, मग तिला सांगा, पण शनिवार होऊन जाऊ दे. सोमवारी मी स्वतः तुम्हाला तिच्याकडे नेते. एवढी वर्षं थांबलात, आणखी दोन दिवस थांबा. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सगळा जन्म ते तेच करत आले, हे मला आज कळतं.

गुरुवारी मी डेल्बर्टला फोन केला. बाबा थकलेत, त्यांना बोलायला लावू नका. डेल्बर्ट म्हणाला, वेडी आहेस का, लोक त्यांनाच ऐकायला येतायत, माझं भाषण कोण ऐकतंय? ते मात्र खरं होतं. मग मी एक कार्ड बनवलं. मोठ्या अक्षरांत चार ओळी, त्यातली पहिली गमतीची. लोक एकदा हसले की बाबा खूश होतील, उरलेलं वाचतील आणि खाली बसतील, असा माझा हिशेब. पुतळा कारखान्यातून तयार आला होता, सगळ्या राज्यांत तोच साचा: टोपी, बूट, कुऱ्हाड आणि कमरेच्या वर उघडा तरणाबांड पोरगा. आमच्याकडे जूनमध्ये उघडा उभा राहिला तर काळ्या माश्या त्याची हाडंसुद्धा ठेवणार नाहीत. गावात सगळे त्यावर हसत होतेच. तेच मी लिहिलं.

शुक्रवारी सायमा मावशीचा फोन आला. मावशी चौऱ्याऐंशीची, एकटी राहते, तोंडाची फटकळ. तिनं कार्यक्रमासाठी वेलचीच्या पावाच्या चौदा गुंफलेल्या वेण्या भाजल्या होत्या आणि त्या कोण न्यायला येणार हे तिला विचारायचं होतं. ओन्नीचा कोट इस्त्रीला दिलास का, की नेहमीसारखा चुरगळलेला घालून आमची शोभा करणार? मी दिलाय म्हटलं. मग ती थोडी थांबून म्हणाली, "आमच्या घरातलं त्या पाटीवर कोणी नाही, इर्मा. पण ओन्नी आहे. मला तेवढं पुरे."

तेव्हा सांगायला हवं होतं. फोन कानाला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, मावशी, चौदा पुरतील ना? ती म्हणाली, न पुरायला काय झालं, त्या निक्विस्टला दोनच्या वर देऊ नकोस म्हणजे झालं.

शनिवारी ऊन चांगलं पडलं. खुर्च्या कमी पडल्या. लोक एका हातानं माश्या हाकत होते आणि दुसऱ्या हातात मावशीचा पाव. बँडनं वाजवलं, डेल्बर्ट अठ्ठावीस मिनिटं बोलला, कापड ओढलं आणि आमचा उघडा पोरगा उन्हात चमकला. मी पहिल्या रांगेत होते. बाबांच्या वरच्या खिशातलं कार्ड मी सकाळपासून चार वेळा तपासलं होतं. मावशी मागे कॉफीच्या टेबलाशी उभी होती, हातात मोठी किटली.

बाबा माईकपाशी गेले. कार्ड काढलं, पहिली ओळ वाचली. काळ्या माश्यांचं नाव निघताच सगळे हसले. गव्हर्नरच्या ऑफिसातला माणूसही हसला, त्याच्या कानावर एक माशी होतीच. माझा जीव भांड्यात पडला. मग बाबांनी कार्ड घडी घालून खिशात ठेवलं.

"मी इथे चारशे रोपं पुरली," ते म्हणाले. "लावली नाहीत. पुरली. त्या ओंडक्यामागे, नाचाला जायचं होतं म्हणून."

मग कोणीतरी खो खो हसलं आणि सगळं पटांगण हसायला लागलं. मागून एक जण ओरडला, माझ्या बापानं हजार पुरली होती, तो कधी बोलला नाही! आणखी हशा. बाबा माईकच्या जवळ सरकले. ते म्हणत होते, शिक्षा एरोला झाली, एरो सारेलाला, तो तिथे नव्हतासुद्धा. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि लोक उभे राहत होते. डेल्बर्टनं त्यांच्या खांद्यावर हात टाकून दुसऱ्या हातानं माईक घेतला आणि जाहीर केलं की असा खरा माणूस आता होणे नाही. त्यानं बँडला खूण केली. बाबांचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं.

आणि मी हसत होते. कोणाला दाखवायला नाही, खरंच हसत होते. वाचलो, मला वाटत होतं. सांगून झालं आणि काही बिघडलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि तसंच हसत मागे वळले तर मावशी माझ्याकडे बघत होती. त्या सगळ्या गर्दीत न हसणारी तीच एक. कॉफीच्या टेबलाशी लाउडस्पीकर होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं किटली खाली ठेवली. एप्रन सोडून घडी घातली. गर्दी पावाकडे निघाली होती, ती उलट्या बाजूनं आमच्याकडे आली. बाबा पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून उभे होते.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "माईक नको. मला सांग."

बाबांनी सांगितलं. पहार, लोहार, बादल्या, सोमवार. एकही शब्द स्वतःच्या बाजूनं घातला नाही. मावशी उभी राहून ऐकत होती. मध्ये दोन बायका बाबांसोबत फोटो काढायला आल्या. मी त्यांना परत पाठवलं. बाबांचं बोलणं संपलं तेव्हा मावशीनं पाटीवरून एकदा नजर फिरवली.

"मार्टाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "तिला मी कधीच सांगितलं नाही."

मग तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "आणि तुला, इर्मा? तुला माहीत होतं?"

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. कानाला लावलेला फोन. चौदा पुरतील ना. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त.

"नाही," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते आता खरं बोलायला शिकलेले होते, सगळ्या गावासमोर बोलून आलेले होते. आता हेही बोलतील, असं वाटून मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

"तिला काय माहीत असणार," बाबा मावशीला म्हणाले. "मी आजच तोंड उघडलं. पोरीवर नको राग काढूस."

मावशीनं मान हलवली. बाबांकडे तिनं पुन्हा बघितलं नाही. माझ्या दंडाला धरून ती म्हणाली, मला घरी सोड. मी म्हटलं, बाबांना घेऊन येते, मग तिघं जाऊ. ती म्हणाली, त्याला निक्विस्ट सोडेल. मी मागे वळून बघितलं. बाबांनी मला हातानंच खूण केली, जा. डेल्बर्ट टीव्हीवाल्यांना घेऊन त्यांच्याकडे येत होता.

गाडीपर्यंत फार तर शंभर पावलं असतील. मावशी सगळा भार माझ्यावर टाकून चालत होती. वयाच्या मानानं ती ताठ चालते, असं टेकून चाललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि तिनं माझा हात थोपटला.

"एवढ्या वर्षांत त्या घरात तू एकटीच सरळ निघालीस," ती म्हणाली.

मी गाडीचं दार उघडलं, तिला बसवलं आणि तिचा कोट दारात सापडू नये म्हणून आत सरकवला.